कप्तानाच्या बुटांची माती

माझी जीभ काळी आहे, असं आमच्या पेठेतली शेंबडी पोरंसुद्धा सांगतील. मी काय जिभेला काजळ लावत नाही. पण लग्न झाल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात नवरा मॅचला निघाला, तेव्हा दारात उभी राहून म्हटलं होतं, "आज नका जाऊ, ग्राउंड सगळं चिखल हाय, पाय मोडून घ्याल." संध्याकाळी दोघांच्या खांद्यावर हात टाकून, एक पाय अधांतरी धरून तो घरी आला. डावा गुडघा जो गेला तो गेलाच. तेव्हापासून तालमीचा सामना असला की शेजारणी मला बघून आवाज खाली करतात. आता मला सांगा, डोळे असलेल्या माणसाला चिखल दिसणारच की! त्यात जिभेचा काय संबंध? पण कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की माणसं डोकं घरी खुंटीला टांगून जातात.

आमच्याकडं तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. पेठेचा गणपती तालमीचा, पेठेची भांडणं तालमीची आणि फुटबॉलचा संघही तालमीचाच. आखाड्यात आता कुणी कुस्ती खेळत नाही, पण माती अजून मळतात. तेल, हळद, ताक, लिंबू घालून मळलेली ती तांबडी माती हातात घेतली तर लोण्यासारखी बोटांतून निसटते. मोठ्या सामन्याआधी तिचा टिळा सगळ्या खेळाडूंच्या कपाळाला लावायचा, आणि कप्तानाच्या बुटांच्या तळाला ती दोन्ही हातांनी चोळायची, ही आमच्या तालमीची रीत. खिळ्यांचे बूट आणि चिखलाचं ग्राउंड, तिथं आणखी मूठभर मातीनं काय बिघडणार होतं? माझ्या नवऱ्यानं कप्तान असताना ती लावून घेतली, आणि गुडघा गेल्यावर ती लावायचा मान वस्तादांनी त्याला दिला. तो रिक्षा चालवतो. प्रवासी त्याला "ए रिक्षा" म्हणून बोलावतात. जगानं त्याला दिलेला मान म्हणजे हा एवढा एकच.

पोरगा बापावर गेला. चालायच्या आधी पळायला लागला आणि पळायच्या आधी लाथा मारायला. मोठा झाला तसा शिरोलीला फौंड्रीत लागला. दिवसभर भट्टीसमोर उभं राहायचं, आणि सुटल्यावर थेट ग्राउंड. मी भाकरी थापून दोन खानावळींना देते. नवऱ्याची रिक्षा, माझ्या भाकरी आणि पोराचा पगार, यावर आमचं घर उभं होतं. आणि त्यातला पगार उभा होता पोराच्या दोन पायांवर. एका घरात एक मोडका गुडघा बास झाला, दुसरा मला नको होता. कप आला काय, न आला काय, माझ्या चुलीला त्याचा उपयोग नव्हता.

मग हे फुटसलचं आलं. छपराखालचा फुटबॉल. पाच-पाच जण, लहान मैदान, जड चेंडू आणि खाली गुळगुळीत लाकडी फरशी. आमची म्हातारी माणसं आधी हसली. "पाऊस न्हाय, चिखल न्हाय, हा काय फुटबॉल म्हणायचा? लग्नाच्या हॉलमध्ये खेळत्यात!" आणि खरंच, पोरं सराव करायची ती कळंब्याकडच्या एका मंगल कार्यालयात. मुहूर्त नसलेल्या दिवशी खुर्च्या भिंतीला लावायच्या, फरशी झाडायची आणि खेळायचं. वर स्टेजवर कुणाच्यातरी लग्नाच्या थर्माकोलच्या अक्षरांतली दोनच उरलेली असायची. तिथनं ही पोरं राज्यात पहिली आली आणि देशातल्या सगळ्यात वरच्या इनडोअर लीगला निघाली. मग हसणारी तीच म्हातारी माणसं मिशीला पीळ देऊन सांगायला लागली, "आमच्या पेठेची पोरं हायत. नाद करायचा न्हाय!"

कप्तान माझा पोरगा.

निघायच्या दिवशी नारळ-हार-हलगी सगळं त्याच कार्यालयात झालं. नवऱ्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. पितळी डब्यातून त्यानं तालमीची माती काढली, टिळे लावले, मग पोराचे नवे बूट मांडीवर घेतले. या बुटांना खिळे नव्हते. सपाट रबर. त्यावर त्यानं अशी माती चोळली, जसं बाळंतिणीच्या पोराला तेल चोळावं. पोरानं बूट घातले, सगळ्यांच्या पाया पडायला म्हणून पुढं आला आणि फरशीवर त्याचा पाय सटकन निसटला. खांबाला धरलं म्हणून वाचला. लोकांनी हसून टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ओरडलं, "आत्ताच स्लायडिंग!"

मला हसायला आलं नाही. मी म्हटलं, "अहो, पुसा ते. तिथं बी फरशीच हाय की. पोरगं घसरंल, गुडघा जाईल त्याचा."

हलगी थांबली.  माझ्या जावेनं मला कोपरानं ढोसलं. वस्तादांनी मान फिरवली. नवरा माझ्याकडं बघत होता तो असा, जशी मी पोराच्या अंगावर पाल टाकली. "उचलली जीभ लावली टाळ्याला," तो म्हणाला. "चांगल्या कामाला निघालेल्या पोरासमोर काय बोलतीस? तोंडात मूग धर जरा." पोरगा हसत म्हणाला, "आई, काय हुत न्हाय गं."  बस निघून गेली तरी फरशीवर ती तांबडी घसरलेली रेघ तशीच होती. झाडणाऱ्या बाईनं ओलं फडकं मारून ती पुसली, तर एकदा पुसून निघेना.

नवरा तेव्हा गेला नाही, रिक्षा सोडून इतके दिवस कसा जाणार? डबा संघाच्या मॅनेजरबरोबर गेला. पोरं एकेक सामना जिंकत गेली. चौकात तालमीनं मोठा पडदा लावला होता, मोबाईलवरचं चित्र त्यावर दिसायचं. मी बाकीच्या बायकांसारखी चेंडूकडं बघायची नाही. मी पोराच्या पायाकडं बघायची. एकदाही घसरला नाही. वळायचा, थांबायचा, परत वळायचा, बूट जमिनीला चिकटल्यासारखे. सेमीफायनल झाल्यावर नवरा मला म्हणाला, "बघितलंस? म्हणं घसरंल! माती हाय ती तालमीची, त्येल न्हवं." मी म्हटलं, "देव करो आणि माझी जीभ झडो." मनापासून म्हटलं होतं. वाटलं, चुकले मी. चुकलेलंच बरं.

फायनलला मात्र नवरा राहिला नाही. रिक्षा भावाकडं दिली आणि चार जणांबरोबर रेल्वेनं गेला. जाताना इतका खूश होता की लंगडणंसुद्धा दिसत नव्हतं. मी दशमी-चटणी बांधून दिली. का कुणास ठाऊक, तो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा मला हाक मारून त्याला परत बोलवावंसं वाटलं. पण जाणाऱ्याला मागून हाक मारायची नसते. माझ्यासारखीनं तर नाहीच.

फायनलच्या संध्याकाळी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी आधीच गुलालाची पोती आणून ठेवलेली. मी भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन कडेला उभी राहिले. पडदा मधेच गोठायचा, पोरांचे पाय हवेत राहायचे, आणि सगळा चौक "ए नेट! ए नेट!" म्हणून बोंबलायचा. सुरुवातीला पोराचे बूट नेहमीसारखेच चिकटून होते. हाफटाइमला आम्ही एका गोलनं मागं होतो.

तेवढ्यात पडद्यावर माझा नवरा दिसला.

पहिल्याच रांगेत, कठड्याला धरून. पोरगा त्याच्यासमोर खाली बसलेला. बापानं मॅनेजरकडनं घेतलेला डबा उघडला, पोराचा एक पाय कठड्यावर घेतला आणि बुटाच्या तळाला माती चोळली. मग दुसरा. चौकानं असा आवाज केला की झाडावरचे कावळे उडाले. "अरे आपला वाघ टीव्हीवर!" बायका मला हलवत होत्या, "अगं बघ की, मालक बघ की तुझं!" मी बघत होते. नवऱ्याचा चेहरा असा फुललेला मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. आणि पोरगा बापाकडं बघत होता. हसत होता, पण कसंतरीच.

खेळ सुरू झाला. लाकडी फरशीवर तांबडे ठसे उमटले. एक माणूस लांब दांड्याचं पुसणं घेऊन आला, पुसून गेला. पुन्हा आला. मी ओठ दाताखाली धरले. काही म्हणजे काही बोलायचं नाही, मनातसुद्धा नाही. पोराकडं चेंडू आला, त्यानं नेहमीसारखं डाव्या पायावर वळायला घेतलं आणि तो पाय त्याच्या अंगाखालून निघून गेला. अंग एकीकडं, गुडघा दुसरीकडं. पडदा नेमका तिथंच गोठला.

चित्र हलेना.  मग एकेक मान माझ्याकडं वळायला लागली. चेंडू कुठं गेला, पोराला काय झालं, कुणाला काही पडलं नव्हतं. सगळी माझ्याकडं बघत होती. माझ्या मागं कुणीतरी हळूच बोललं, "हीच म्हणाली हुती. गुडघा जाईल म्हणून." मी पदरानं हात पुसले आणि तिथंच खाली बसले.

चित्र परत आलं तेव्हा पोराला उचलून नेत होते. त्याच्या जागी शेजारच्या घरातला पोरगा आत आला, माझ्या पोराहून लहान, माझ्याच भाकऱ्या खाऊन वाढलेला. त्यानं आधी बरोबरी केली आणि शेवटी-शेवटी जिंकायचा गोलसुद्धा त्यानंच मारला. आम्ही चॅम्पियन झालो. देशात पहिले. चौकात गुलाल उधळला, डॉल्बी सुरू झाली, आणि मी रडत होते ते आनंदानं, असं समजून एका बाईनं माझ्या तोंडात पेढा कोंबला.

पोरं परत आली त्या दिवशीची मिरवणूक पेठेनं जन्मात पाहिली नव्हती. क्रेनला टांगलेला हार, जेसीबीतून फुलं. पोराला उघड्या जीपमध्ये बसवलं होतं, पाय उशीवर सरळ ठेवून, वर पट्टा. गुलालानं त्याचे डोळे बंद झाले होते. नवरा पुढं चालत होता, डोक्यावर तो पितळी डबा घेऊन. लंगडत, नाचत. लोक डब्याच्या पाया पडत होते. "मातीनं जिंकवलं!" वस्ताद म्हणाले आणि डबा तालमीतल्या मारुतीसमोर ठेवला. डबा कुठं, पोराचा गुडघा कुठं! गुडघ्याचं कुणी नाव काढलं तर लोक म्हणायचे, घराण्याचाच गुडघा नाजूक. किंवा माझ्याकडं बघायचे.

ऑपरेशन झालं. आधी गगनबावड्याकडच्या कुणाचातरी लेप लावून बघितला, त्यात आठवडे गेले, मग ऑपरेशन. फौंड्रीतली जागा तोवर भरली. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण खेळायचं विसरा आणि दिवसभर उभं राहायचंही. पोरगा घरात भिंतीला टेकून पाय वर-खाली करत बसायचा. मी त्याला कितीदा विचारलं, "खरं सांग, मातीनं घसरलास न्हवं?" तो म्हणायचा, "न्हाय गं. पाय मुडपला. नशीब." दुधानं तोंड पोळलेली मी, ताकही फुंकून पिते, पण पोराच्या शब्दावर विश्वास ठेवला.

वर्ष फिरलं. लीग परत आली. गतविजेते म्हणून आमचाच संघ, आणि कप्तान शेजारचा तो पोरगा. या वेळी तालमीनं ठरवलं, डबा मॅनेजरकडं द्यायचा नाही. माझ्या नवऱ्यालाच संघाबरोबर पाठवायचं. प्रत्येक सामन्याला तो बाकावर असणार आणि कप्तानाच्या बुटांना स्वतः माती लावणार. नवऱ्यासाठी संघाचा टी-शर्ट शिवून आला. त्यानं तो आरशासमोर घालून बघितला, पुन्हा घडी घालून ठेवला.

त्याच दिवशी दुपारी पोरगा माझ्याजवळ येऊन बसला. मी भाकरी थापत होते.

"आई," तो म्हणाला, "बाबांना थांबव. त्यांना जाऊ देऊ नको."

"का?"

बराच वेळ तो पिठावर बोटानं रेघा मारत राहिला. मग म्हणाला, "गेल्या साली मॅनेजरनं माती लावली की मी संडासात जाऊन ओल्या टॉवेलनं बूट पुसत हुतो. दर मॅचला. कोणाला म्हाईत न्हवतं."

माझा हात तव्यावर राहिला, चटका बसला तेव्हा कळलं. "आणि फायनलला?"

"पहिल्या हाफला पुसूनच खेळलो. मग हाफटाइमला बाबांनीच समोर बसून लावली. खेळ सुरू होईपर्यंत माझ्याकडंच बघत हुतं. त्यांच्या देखत कसं पुसू?" त्यानं पिठातलं बोट काढून घेतलं. "शेजारच्या त्या नव्या कप्तानानं मला विचारलं परवा, दादा, त्या मातीवर तू कसा खेळलास, मी सरावाला लावून बघितली, माझा तर पाय ठरत न्हाय. मी सांगितलं, गुपचूप पूस. पण आता बाबा बाकावर असणार की. तो बी पुसणार न्हाय. आणि आई, बाबांना हे सांगू नकोस. त्यांना सोसायचं न्हाय."

थांबव म्हणतो आणि सांगू नको म्हणतो! मी काय करायचं होतं? गप्प बसले तर शेजारणीच्या पोराचा गुडघा जायचा, तिच्या घरातला तो एकटाच कमावता. बोलले तर माझा माणूस आतून मोडायचा. इतकी वर्षं लोक मला काळ्या जिभेची म्हणत आले, मी हसण्यावारी नेलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या जिभेची भीती वाटली.

सकाळी नवरा दारात रिक्षा पुसत होता. मी पुढं जाऊन सगळं सांगितलं. पोराचं नाव घेऊन सांगितलं. तो पुसायचा थांबला नाही. काचेचा एकच कोपरा पुसत राहिला.

"आधीच्या सगळ्या मॅचला पुसत हुता?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"आणि फायनलला?"

"तुम्ही समोर हुता."

त्यानं फडकं पिळलं. पाणी त्याच्याच पायावर पडलं. मग तो रिक्षात बसला आणि निघून गेला, हात करणाऱ्या बाईसमोरून गेला तरी थांबला नाही. दुपारी जेवायला आला नाही. त्यानंतर निघायच्या दिवसापर्यंत तो माझ्याशी, पोराशी, कुणाशीच कामापलीकडं बोलला नाही. रोज तालमीत जायचा आणि माती मळायचा. येताना हात तांबडे असायचे. मी त्याला म्हटलं, "तुम्ही त्या पोराला लावलीत तर मी सगळ्यांच्या देखत पुढं येऊन पुसीन. मग मला वाळीत टाका." त्यानं ऐकलं की नाही, कळलं नाही. त्याच्या चेहऱ्याकडं बघून मला रोज वाटायचं, हा लावणार. मान सोडून देईल असा माणूस नव्हे हा. आणि मान सोडलाच तर याच्याकडं उरतं काय?

निघायच्या दिवशी तेच कार्यालय, तीच हलगी. मी भाकरीचं ओलं फडकं पदराखाली धरून पुढं उभी राहिले. शेजारीण माझ्यापासून लांब सरकली. "आज तेवढं तोंड उघडू नकोस बाई," ती म्हणाली, "पाया पडते तुझ्या." माझा पोरगा काठी घेऊन खांबाला टेकला होता, मागच्या वर्षी धरलेल्याच खांबाला.

नवऱ्यानं डबा उघडला. अंगठ्यानं सगळ्यांना टिळे लावले. मग खाली बसला, डावा पाय लांब पसरून, लोकांकडं पाठ करून. कप्तानाचे बूट मांडीवर घेतले. डब्यात हात घातला, हात बाहेर काढला आणि तळाला चोळायला लागला. एक बूट, मग दुसरा. फार वेळ चोळत होता. मी फडकं घट्ट धरून एक पाऊल पुढं टाकलं.

"माती लागली!" वस्ताद ओरडले. हलगी कडाडली. त्या पोरानं बूट घातले, जीव मुठीत धरून फरशीवर पाय ठेवला आणि चालायला लागला. बूट चर्र, चर्र असे वाजले. कोरडं रबर फरशीवर वाजतं तसे. लोक नाचत होते, त्यांना काही कळलं नाही. तो पोरगा मधेच थांबला, खाली बघितलं आणि पुन्हा चालायला लागला.

माझ्या पोरानं बापाच्या हाताकडं बघितलं. अंगठा तेवढा तांबडा होता. तळवा कोरा. मग त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मी सांगितलंय हे त्याला कळलं.

तो काठी टेकत बापाजवळ गेला. बापानं मान वर केली नाही. तो डब्याचं झाकण लावत होता, आणि त्याला ते लागत नव्हतं.